टिफ्रॅकवाले नरसिंहन

आपल्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीची स्मरणिका निघणार असं ठरलं, तेव्हा संपादक मंडळाने व्हॉट्सॲपच्या गटावर कामं वाटून दिली. शाळेच्या आठवणी लिहायला पुष्कळ जण तयार होते. माझ्या वाट्याला चरित्र आलं. तू संगणकात आहेस, तर त्या क्षेत्रातल्या एका मोठ्या माणसाविषयी लिही, आपल्या मुलाबाळांना वाचायला होईल, असं सांगण्यात आलं. मी नाव कळवलं, प्रा. आर. नरसिंहन. लगेच विचारणा झाली, बँकांच्या समितीवाले का? नव्हे. ते नरसिंहम वेगळे. आणि ज्या संस्थेत माझ्या नरसिंहनांचं आयुष्य गेलं, त्याच संस्थेत एम. एस. नरसिंहन नावाचे फार मोठे गणितज्ञही होते, ते आणखी वेगळे. मी लिहिते आहे ते रंगस्वामी नरसिंहन यांच्याविषयी. भारतात आराखड्यापासून बांधलेला पहिला पूर्ण क्षमतेचा इलेक्ट्रॉनिक संगणक ज्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला, ते. माणूस मराठी नव्हे, पण कर्मभूमी मुंबई.

त्यांचा जन्म १७ एप्रिल १९२६ चा, मद्रासचा. गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून दूरसंचार विषयात पदवी घेतली, मग अमेरिकेत कॅलटेकमधून विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी, आणि त्यानंतर इंडियाना विद्यापीठातून गणितात पीएच.डी. अभियंता आणि गणिती हे दोन्ही एकाच माणसात असणं तेव्हा आपल्याकडे दुर्मीळ होतं. १९५४ मध्ये ते भारतात परतले आणि डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये रुजू झाले. वय अठ्ठावीस.

भाभांना संगणक हवा होता. अणुशास्त्र, विश्वकिरण, गणित या सगळ्यांसाठी प्रचंड आकडेमोड लागत होती आणि हाताने फिरवायच्या यंत्रांवर ती होण्यासारखी नव्हती. संगणक विकत आणण्याचा मार्ग होताच. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ मध्ये इंग्लंडहून एचईसी-२एम नावाचा संगणक आणवला. मुंबईत मात्र ठरलं, आपण बांधू.

हे ठरवणं किती धाडसाचं होतं ते समजायला त्या गटाकडे पाहावं लागतं. मोजकीच मुलं, बहुतेक नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली, इलेक्ट्रॉनिक्स हा विशेष विषय घेतलेली. संगणक बांधणं लांबच, त्यांच्यापैकी कोणी तो कधी वापरलाही नव्हता. हाताशी होते ते अमेरिकेत प्रिन्स्टनला जॉन फॉन नॉयमन यांच्या गटाने बांधलेल्या यंत्राचे छापील अहवाल. ते वाचायचे, समजून घ्यायचे आणि आपल्याला मिळतील त्या सुट्या भागांतून यंत्र उभं करायचं. चूक झाली तर विचारायला कंपनीचा माणूस नाही, कारण कंपनीच नाही.

नरसिंहनांनी घाई केली नाही. आधी छोटा नमुना बांधायचा, तो चालला तरच मोठा. १९५४ च्या अखेरीला सुरू केलेला हा नमुना-संगणक १९५६ च्या शेवटी चालू झाला. आकडे मांडायची पद्धत बरोबर आहे, स्मृती काम देते, जोडण्या टिकतात, एवढं त्यातून पक्कं झालं. १९५७ मध्ये मोठ्या यंत्राला हात घातला. १९५९ च्या सुरुवातीला जुळणी पूर्ण झाली आणि तपासण्या होऊन फेब्रुवारी १९६० मध्ये ते कामाला लागलं. जानेवारी १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते त्याचं रीतसर नामकरण झालं, टिफ्रॅक. म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर.

आता मी जरा यंत्रात शिरते. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडून जावं, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

टिफ्रॅकची मुख्य जुळणी अठरा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि आठ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात बसवलेली होती. शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आडवी लावली असती तर एक भिंत भरली असती. आत सुमारे २७०० निर्वात नळ्या, म्हणजे जुन्या रेडिओत पिवळसर उजेड देत तापायचे ना, ते व्हॉल्व्ह. शिवाय १७०० जर्मेनियम डायोड आणि साडेबारा हजार रोधक. व्हॉल्व्ह तापतात आणि जळतात. एक जळला की बेरीज चुकते, आणि २७०० मधला कोणता जळला हे शोधावं लागतं. ज्याने ते वायरिंग स्वतः केलं त्यालाच ते सापडतं.

स्मृती तर मला दागिन्यासारखी वाटते. फेराइटच्या चिमुकल्या कड्या, मण्यांसारख्या, आणि त्यांतून ओवलेल्या बारीक तारा. तारेतून वीज सोडली की कडीत चुंबकत्व येतं, एका दिशेला फिरलं तर एक, उलट्या दिशेला फिरलं तर शून्य. वीज गेली तरी कडीला आपली दिशा आठवते. एकेका शब्दात चाळीस बिट आणि असे २०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० कड्या. आजच्या हिशेबाने दहा किलोबाइट. आपल्या गटावर सकाळी फुलांचं चित्र टाकून सुप्रभात करणारे जे मित्र आहेत, त्यांच्या एका चित्राला असे कितीतरी टिफ्रॅक लागतील. एवढ्याशा जागेत त्या काळच्या शास्त्रज्ञांनी खरी गणितं सोडवली. माहिती आत जायची ती भोकं पाडलेल्या कागदी फितीवरून, उत्तर यायचं टेलिप्रिंटरवर. उत्तर आलेखासारखं डोळ्यांनी पाहता यावं म्हणून कॅथोड किरण नळीचा पडदाही त्याला जोडला होता. आज संगणक म्हटला की पडदाच डोळ्यांपुढे येतो, तेव्हा तो नवलाचा होता. आणि कार्यक्रम लिहायचा तो थेट यंत्राच्या भाषेत, शून्य आणि एक. मधे दुभाष्या कोणी नाही.

भोकं पाडलेल्या कागदाचं निघालं म्हणून सांगते. संगणकाशी माझी पहिली गाठ कागदावरच पडली. भूकंपानंतरच्या वर्षी आपण नववीत होतो. घरांच्या याद्या लागायच्या, तो दोन्ही कडांना भोकांची पट्टी असलेला लांबच लांब कागद आठवतो? नावं इंग्रजीत. बायाबापड्या मला हाताला धरून न्यायच्या, बघ गं आमचं नाव हाय का. मी बोट फिरवत वाचायची. एका आज्जीचं नाव त्या स्पेलिंगमधून मला लागेना आणि ती रडायला लागली. शेवटी नवऱ्याच्या नावावरून सापडलं. हा कागद कोण लिहितं असं मी विचारलं, तेव्हा कोणीतरी म्हणालं, कॉम्प्युटर लिहितो. मला तेव्हा वाटलं, त्याला आपल्या गावातली नावं कोणी शिकवली नाहीत वाटतं. हे मी पुढे सांगणार असलेल्या एका गोष्टीसाठी लिहून ठेवते आहे.

टिफ्रॅक तयार झाला, आणि जुना झाला. यात कोणाची चूक नव्हती. तो बांधून होत होता त्याच वर्षांत जगाने व्हॉल्व्ह टाकून ट्रान्झिस्टर धरला. नवी यंत्रं लहान होती, थंड राहायची आणि पुष्कळ पटींनी वेगवान होती. फोरट्रानसारख्या भाषा आल्या होत्या, त्यात सूत्र जवळजवळ वहीत लिहितो तसं लिहिता यायचं. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्येच अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं. टिफ्रॅकवर दोन पाळ्यांत काम चालायचं, ते १९६५ च्या सुरुवातीला थांबलं. बांधायला पाचेक वर्षं, वापरलं तेवढीच वर्षं.

इथे मी स्वतःविषयी थोडं सांगते, कारण त्याशिवाय मी हा माणूस का निवडला ते कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्याबरोबरच्या चार मुलांनी पावणेतीन वर्षं खपून बांधलेली एक प्रणाली आमच्या कंपनीने एका बैठकीत बंद केली आणि बाहेरची तयार प्रणाली विकत घेतली. बैठक चाळीस मिनिटांची होती. आकडे त्यांच्या बाजूने होते, भांडायला जागा नव्हती. त्यानंतरचे काही दिवस मला रात्री तीन-चारला जाग यायची. किल्लारीच्या माणसाला ती वेळ तशीही चांगली नाही. अशाच एका रात्री मी टिफ्रॅकविषयी वाचायला लागले आणि मला प्रश्न पडला, या माणसाला १९६५ मध्ये काय वाटलं असेल?

माझा प्रश्न चुकीचा होता, हे हळूहळू कळलं. कारण नरसिंहन तोवर दुसऱ्याच कामात होते. १९६१ ते ६४ ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत होते. तिथे इलियाक-३ हे नवं यंत्र आखलं जात होतं, आणि त्याचं काम आकडेमोडीचं नव्हतं, चित्रं वाचण्याचं होतं. भौतिकशास्त्रातल्या प्रयोगांत अणूपेक्षा लहान कण द्रवातून जाताना बुडबुड्यांची रेघ उमटवतात. अशी हजारो छायाचित्रं माणसाने डोळे ताणून तपासायची, त्याऐवजी यंत्राने तपासावीत, अशी कल्पना. नरसिंहनांनी इथे जो विचार मांडला त्यासाठी जगातले संगणकशास्त्रज्ञ त्यांना ओळखतात. चित्रालाही व्याकरण असतं, असं ते म्हणाले. वाक्यात जसे शब्द, शब्दांचे गट, त्यांचे एकमेकांशी संबंध, तसेच चित्रात ठिपके, रेघा, रेघांचे सांधे. चित्र ओळखायचं म्हणजे ते साच्याशी पडताळून पाहायचं नाही, तर त्याची रचना सांगायची. त्यांचे १९६४ आणि १९६६ चे निबंध या शाखेतले सुरुवातीचे निबंध मानले जातात. आज फोन चेहरा ओळखतो तो या मार्गाने नव्हे, तो मार्ग नंतर बदलला. पण ओळखणं म्हणजे वर्णन करता येणं, हा आग्रह मला अजूनही पटतो.

परत आल्यावर पुढची वीस वर्षं ते एकाच वेळी तीन ठिकाणी काम करत होते असं म्हणता येईल. संस्थेत प्राध्यापक. सीडीसी ३६०० भोवती टीआयएफआरचं राष्ट्रीय संगणन केंद्र उभं राहिलं, देशभरातल्या संस्था तिथे आपली गणितं पाठवायच्या. १९६५ मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. जानेवारी १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले. ज्यांच्या शब्दावर हा सगळा डोलारा उभा होता तो माणूसच गेला, तरी संगणकाचं काम थांबलं नाही. गटाने ऑनलाइन माहितीप्रक्रियेसाठी ओल्डॅप नावाचं यंत्र बांधलं, आणि हवाई दलाच्या हवाई संरक्षण यंत्रणेच्या कामात संस्थेच्या संगणक गटाचा मोठा वाटा होता. टिफ्रॅकवर हात बसलेली माणसं इथे कामी आली. १९७७ मध्ये नरसिंहनांना पद्मश्री मिळाली.

सरकार आणि उद्योग यांच्या मधली त्यांची जागा समजायला सत्तरच्या दशकातली परिस्थिती आठवावी लागते. देशात आयबीएमचे संगणक होते, त्यातले कित्येक परदेशात वापरून झालेले, इथे दुरुस्त करून भाड्याने दिलेले. यंत्र त्यांचं, देखभाल त्यांची, भाडं आपलं. परकीय कंपन्यांनी आपला भांडवलातला वाटा कमी करावा असा कायदा आला, आयबीएमला तो मान्य झाला नाही आणि १९७८ मध्ये तिने भारतातलं काम गुंडाळलं. मग त्या यंत्रांकडे पाहायचं कोणी? त्यासाठी सरकारने आधीच, १९७५ च्या अखेरीला, कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी ही कंपनी काढून ठेवली होती. दुसऱ्यांनी बांधलेली, कागदपत्रं नीट नसलेली यंत्रं उघडून दुरुस्त करणारी माणसं आपल्याकडे आहेत, असा विश्वास देशाला तेव्हा होता. तो कुठून आला, याचा शोध घेतला की कुलाब्यापर्यंत जावं लागतं. याच सीएमसीने पुढे १९८५-८६ मध्ये दिल्लीत रेल्वेचं संगणकीय आरक्षण सुरू केलं. सोलापूर स्टेशनच्या खिडकीवर आपण काढलेली तिकिटं त्याच कामाच्या पुढच्या टप्प्यातली. हे काम नरसिंहनांचं नव्हे, ते श्रेय सीएमसीच्या अभियंत्यांचं. पण टीआयएफआरमधून निवृत्त झाल्यावर ते बंगळुरूला सीएमसीमध्येच संशोधन करत राहिले, म्हणून इथे त्याचा उल्लेख.

एका प्रश्नाला मात्र मला बगल द्यायची नाही. टिफ्रॅक बांधणं शहाणपणाचं होतं का? माझ्याच क्षेत्रातली काही माणसं नाही म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० हे तयार यंत्र आलं. ते टिफ्रॅकसारखं कोणी बांधलेलं नव्हतं, पण तिथे विद्यार्थ्यांना त्याला हात लावू दिला गेला, अभ्यासक्रम निघाले, आणि देशात संगणकशास्त्र शिकवण्याची परंपरा तिथून रुजली. टिफ्रॅकच्या गटाला जे येत होतं ते बराच काळ एका संस्थेच्या भिंतीत राहिलं. टिफ्रॅकवरून कुठल्या कारखान्याने यंत्रं काढली नाहीत. हैदराबादच्या ईसीआयएलने पुढे संगणक केले, पण वर्षं निघून गेली होती. बांधणाऱ्यांचा अभिमान आणि शिकवणाऱ्यांची पोच यांत निवडायचंच झालं तर मी आज कदाचित कानपूरच्या बाजूने बोलेन. मी बांधणाऱ्यांपैकी असूनही.

तरी एक गोष्ट आपण किल्लारीच्या आसपासच्या लोकांनी पाहिलेली आहे. जी गावं पूर्ण पडली त्यांना नव्या जागी बांधलेली घरं मिळाली. जी अर्धवट पडली, तिथे सरकारने पैसे आणि अभियंते दिले आणि लोकांनी आपली घरं आपणच दुरुस्त केली. माझं आजोळ दुसऱ्या प्रकारातलं. मामाने गवंड्याबरोबर उभं राहून भिंतीत आरपार जाणारे दगड का घालायचे, लाकडी खांब आणि तुळई यांना तिरपे टेकू का द्यायचे, वरून सिमेंटचा पट्टा कशासाठी, हे शिकून घेतलं. घर दिसायला आमच्या नव्या घराइतकं सरळ नाही. पण तडा गेला तर मामाला कळतं तो कशाने गेला. आमच्या नव्या घराला तडा गेला की आम्ही कोणालातरी विचारायला जातो.

आणि नरसिंहनांना ती भिंत जाणवली होती, असं मला त्यांच्या पुढच्या कामावरून वाटतं. सत्तरच्या दशकात त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने टीआयएफआरमध्ये एक नवं केंद्र उभं केलं, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट अँड कॉम्प्युटिंग टेक्निक्स. नावातच सॉफ्टवेअर आहे, हे पाहा. देशाची पुढची गरज यंत्रापेक्षा यंत्र चालवणाऱ्या बुद्धीची आहे, हे ओळखणारा माणूस तोच, ज्याने यंत्र बांधण्यात आपलं तारुण्य घातलं होतं. १९८५ मध्ये हे केंद्र टीआयएफआरपासून वेगळं होऊन स्वतंत्र झालं, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, एनसीएसटी, जुहूला. डॉ. एस. रमणी त्याचे प्रमुख होते. देशात शिक्षणसंस्थांना जोडणारं अर्नेट हे जाळं १९८६ पासून उभं राहिलं, त्यात एनसीएसटी पुढे होती. इंटरनेट हा शब्द आपल्या गावात पोचण्याच्या किती आधीची ही गोष्ट!

या एनसीएसटीची एक परीक्षा असायची, सीएसटी. सॉफ्टवेअर येतं की नाही एवढंच ती पाहायची. कॉलेज कुठलं, टक्के किती, इंग्रजी कसं बोलता, याच्याशी तिला घेणं नव्हतं. मी २००२ मध्ये इंजिनिअर झाले. ते वर्ष तुमच्यापैकी जे या धंद्यात आहेत त्यांना आठवत असेल, भरती जवळजवळ बंद होती. कॅम्पसला कोणी आलं नाही. पुण्यात मुलाखतींना गेले की गाव ऐकल्यावर पहिली दहा मिनिटं भूकंपात जायची, आणि मग वेळ संपायची. लोक वाईट नव्हते, कळवळ्याने विचारायचे. पण मी काय शिकले आहे ते विचारायचं राहून जायचं. मी सीएसटीला बसले. पेपर कठीण होता, तरी निघाले. पुढच्या मुलाखतीत मी गावाच्या आधी ते प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं, आणि त्या माणसाने पहिला प्रश्न विचारला तो मेमरी ॲलोकेशनवर. मला नोकरी लागली. तेव्हा नरसिंहन हे नावही मला ठाऊक नव्हतं. पुढच्याच वर्षी एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि ते नाव पाट्यांवरून गेलं. माझ्या कागदावर आहे.

आता त्या यादीच्या कागदाची गोष्ट. नरसिंहनांनी आयुष्याचा उत्तरार्ध ज्या विषयाला दिला तो ऐकून माझ्या सहकाऱ्यांना आश्चर्य वाटतं. लहान मूल बोलायला कसं शिकतं, हा तो विषय. १९७१ ते ७३ या काळात त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली होती. भाषा आणि वर्तन यांवरचं त्यांचं पहिलं मोठं पुस्तक १९८१ मध्ये आलं, दुसरं १९९८ मध्ये. त्या काळात संगणकशास्त्रात बुद्धी म्हणजे तर्क, भाषा म्हणजे नियमांचा संच, असा जोर होता. नरसिंहनांचा रोख वेगळा होता. मूल नियम पाठ करून बोलत नाही. ते आधी माणसांबरोबर वागतं, हात पुढे करतं, मागतं, नाही म्हणतं, खेळतं, आणि भाषा त्या वागण्यात मिसळून येते. म्हणून यंत्राला भाषा शिकवायची तर आधी वागणं समजून घ्यावं लागेल. मौखिक परंपरेवरही त्यांनी लिहिलं. वेदपठणासारख्या परंपरा लेखनाशिवाय इतक्या काटेकोरपणे टिकल्या, तेव्हा विचाराची सूक्ष्मता फक्त अक्षरओळखीने येते असं मानता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. अंगठा लावणाऱ्या आपल्या आज्ज्यांना दळताना किती ओव्या यायच्या, ते आठवून मी तो भाग दोनदा वाचला. नावच सापडेना म्हणून रडणारी ती आज्जीही ओव्या म्हणायची.

माझी एक तक्रार आहे. त्यांचं लेखन सोपं नाही. एका वाक्यात तीन कल्पना असतात आणि उदाहरण हवं तिथे नवी संज्ञा येते. म्हणूनच कदाचित भाषेवरच्या या कामाला हवा तेवढा वाचक मिळाला नाही. टिफ्रॅकवरचं त्यांचं आत्मकथनपर लेखन मात्र स्वच्छ आहे. त्यात कुठेही स्वतःची पाठ थोपटलेली नाही, आणि यंत्र मोडीत निघालं याचा गळा काढलेला नाही. मला रात्री तीनला जे हवं होतं, ते तिथे नव्हतं. त्यांनी त्याला चार ओळीही दिल्या नाहीत असंच म्हणा ना. मी माझ्या चार मुलांना दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि आम्ही नव्या, विकत घेतलेल्या प्रणालीच्या आत काय आहे ते उघडून पाहायला सुरुवात केली. ती आमच्याइतकी चांगली नाही. पण कुठे बिघडेल ते आम्हाला आता सांगता येतं.

३ सप्टेंबर २००७ रोजी नरसिंहन गेले, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. शेवटपर्यंत ते लिहीत होते, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या कामात एक छोटीशी वस्तू आहे, तिच्यावर मी थांबते. एका तमीळ घरातली एक मुलगी, साधारण नऊ महिन्यांची असल्यापासून पुढची दोन वर्षं जे बोलली, आणि घरचे तिच्याशी जे बोलले, ते नरसिंहन आणि त्यांचे सहकारी आर. वैद्यनाथन यांनी नोंदवून ठेवलं. जगभरातल्या बालभाषेच्या नोंदींचा एक संग्रह आहे, त्यात ती तमीळ नोंद नरसिंहनांच्या नावाने ठेवलेली आहे. कोणालाही ती उघडून वाचता येते. मी उघडली. मला तमीळ येत नाही, नोंद आहे ती रोमन अक्षरांत. पण एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहणारं बाळ आणि त्याला तितक्याच वेळा उत्तर देणारी मोठी माणसं, एवढं कळायला तमीळ यावं लागत नाही.